माय फुगे वेचायची तो उन्हाळा

तुमच्या घरात जी बाई रोज तुमचं ताट वाढते, तिचा उजवा हात किती वर जातो हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? ताटापर्यंत येतो, तव्यापर्यंत जातो, एवढं माहीत असेल. मी त्याच्या वरचं विचारते आहे. खांद्याशी थांबतो की कानाशी? डोक्यापर्यंत पोचतो का? आठवून बघा. घाई नाही. बाहेर ऊन आहे, तुम्हीही एवढ्यात कुठे जाणार नाही.

आमच्याकडे वैशाख परत आला आहे. भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठावर आमचं गाव. या दिवसांत नदीत पाणी नसतं, वाळू असते, आणि आता तीही पूर्वीइतकी नसते. ती कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी दाराची कडी हाताने धरवत नाही. शेजारच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्यात, पापडासारख्या पातळ, आणि त्यांचा आंबूस ओला वास झळांबरोबर आमच्या खिडकीतून आत येतो. पुढच्या खोलीत कूलर घरघरत असतो. त्याच्यासमोरच्या खाटेवर नाना पडलेले असतात. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे जेठ. चारच्या सुमाराला, ऊन उतरायचं काही चिन्ह नसताना, नाना उठतात, टोपी घालतात, उपरणं कानांवरून गुंडाळतात आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसतात. जाताना दार ओढून घेतात.

आता त्यांनी बाहेर जावं असं काही कारण उरलेलं नाही, असं मी कालपर्यंत समजत होते. तीन उन्हाळ्यांपूर्वी होतं.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, कापसाच्या दुसऱ्या वेचणीला, मायचा बोंडाकडे गेलेला हात बोंडापर्यंत पोचलाच नाही. बाजूच्या ओळीतल्या बायांना वाटलं, काटा टोचला. मग माय खाली बसली, आणि तोंड एका बाजूला गेलं. जळगावच्या दवाखान्यात लकवा म्हणून सांगितलं, हलका आहे म्हणाले. हलका होता हे खरं. तोंड सरळ झालं. पाय परत आला, थोडा ओढत, पण आला. बोटंही बऱ्यापैकी वळायला लागली. हात मात्र खांद्यापाशी येऊन थांबला. त्याच्या वर जणू कोणी छत घातलं होतं.

माणसाला काय परत हवं असतं, हे आपण ठरवू नये. मला वाटायचं, मायला परत शेतात जायचं असेल, भाकरी थापायची असेल. ते तर हवंच होतं. पण ज्याच्यासाठी तिचा जीव तुटायचा, ती गोष्ट निराळी होती. तिला आपल्या हाताने डोक्यावर पदर घ्यायचा होता. डाव्या हाताने ओढलेला पदर सरकायचा. मग ती दाराआड थांबायची आणि मला हाक मारायची (आमच्याकडे लेकीलाही माय म्हणतात), "ये व माय, जरा लेय." मी जायचे आणि तिच्या डोक्यावर पदर ओढून द्यायचे. मी! जिने जळगावात कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून पदर, घुंगट आणि बुरखा या विषयावर पत्रकं वाटली होती, ती मी रोज चार-सहा वेळा माझ्या आईचं डोकं झाकत होते. कारण पुढच्या खोलीत नाना होते, आणि जेठासमोर ती उघड्या डोक्याने गेली नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरही नाही. नानांशी ती कधी थेट बोललीही नव्हती. "नानांना विचार, चहा ठेवू का," असं ती मला सांगायची, आणि नाना दोन हातांवर बसून सगळं ऐकत असूनही माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग, ठेव म्हना."

आता आबांबद्दल. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. पिवळी, गुलाबी, पोपटी. कालव्याच्या आवर्तनाचं, खताच्या तुटवड्याचं, शाळेच्या गळक्या छपराचं. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर. 'क' कमळाचा हे मला शाळेत कळलं, घरी 'क' कार्यकारी अभियंत्याचा होता. आबा सांगायचे की पत्रकात राग कितीही असू दे, शेवटी मागणी हवी, आणि मागणी एका ओळीत बसली पाहिजे. ज्या रागाची मागणी एका ओळीत बसत नाही, तो घरी ठेवावा. हे मी आजवर पाळत आले. त्या उन्हाळ्यापासून एक राग मात्र माझ्याकडे पडून आहे.

तर, जळगावच्या व्यायामाच्या दवाखान्यात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मायला दोरी-कप्पीचा व्यायाम दिला, भिंतीवर बोटं चढवायला लावली, आणि मग एक दिवस टीव्हीसमोर उभं केलं. टीव्हीच्या वर एक काळी पट्टी होती, वीतभर लांब म्हणा, तिला पुढून डोळे. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. पट्टीतला कॅमेरा समोरच्या माणसाला ओळखतो, आणि आपण हात हलवला की पडद्यावरची आकृती हात हलवते. वरून रंगीत फुगे उतरायचे, ते हाताने फोडायचे. मॅडमनी मायचा पदर खांद्याला पिन लावून कमरेत खोचला होता. त्या खोलीत मायचा कोणी दीर-जेठ नव्हता. मायने पडद्यावरच्या आकृतीकडे बघितलं, डावीकडे झुकली, तीही झुकली. माय हसली. आजारानंतर तिचं ते पहिलं सरळ हसू. त्या दिवशी हात खांद्याच्या वर गेला. चार बोटं, पण वर.

पण चैत्र संपता संपता एसटीचा प्रवास तिला झेपेना. पाचोऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना एकदा तिला भोवळ आली, लोकांनी डोक्यावर पाणी ओतलं. डॉक्टर म्हणाले, पाऊस पडेपर्यंत हिला उन्हात आणू नका. आणि मॅडम म्हणाल्या, हे दोन-तीन महिने वाया घालवू नका, हात आत्ता वळला तर वळला.

ही दोन्ही वाक्यं एकाच दुपारी ऐकून आम्ही घरी आलो.

भूषण म्हणजे नानांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, धुळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला मी फोनवर ते यंत्र वर्णन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, ते खेळाचं आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी धूळ खात पडलंय, त्याची पोरं मोठी झाली." पुढच्या रविवारी तो खोकं घेऊन आला, आत टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आणि तशीच काळी पट्टी. आणि मी, जिने त्याला शोधायला लावलं होतं, तीच खोकं उघडताना चिडले. बाहेर प्यायला टँकर, आत परदेशी खेळणं. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात हात हलवले, तिला आता हात हलवण्यासाठी दुसऱ्याच्या पोरांचं टाकलेलं खेळणं लागावं! दवाखाना तालुक्याला का नाही? व्यायाम शिकवणारी बाई गावात का येत नाही? मी बोलतच होते. भूषण शांतपणे वायरी सोडवत होता.

"झालं का तुनं?" तो म्हणाला. "व्हयनं व्हई तं जरा ती पट्टी धर."

नाना खाटेवर उठून बसले होते. "हाई काय शे रे? याले डोया कितला शेतस!"

"कॅमेरा शे नाना. मानूसले वळखस."

"आनी मान काबर हालवस?"

खरंच, ती पट्टी मान हलवायची. चालू केली की आत बारीक मोटर घुं करायची आणि तिचं तोंड वर-खाली व्हायचं. समोर कोण आहे ते शोधायची. तिला नीट उंची हवी होती, टीव्हीच्या टेबलावर ती फार खाली जात होती. काही सापडेना, तेव्हा भूषणने माळ्यावरून आबांच्या पत्रकांचा एक दोरीने बांधलेला गठ्ठा काढला आणि तिच्याखाली ठेवला. कालव्याच्या पाण्याची मागणी होती त्यावर. पट्टी बरोबर उंचीवर आली. आबांची पत्रकं तशी कामाला आलेली बघून मला हसावं की रडावं ते कळेना.

मग मायला उभं केलं. तिला सहा-सात फूट मागे जावं लागत होतं, म्हणजे पाठ जवळपास धान्याच्या कोठीला टेकत होती. डोक्यावर पदर, दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, हनुवटीपाशी डाव्या मुठीत धरलेला. नाना खाटेवर, तोंड भिंतीकडे करून.

पट्टीने मान वर केली. खाली केली. परत वर केली. पडद्यावर काही आलं नाही.

"काकू, हात हालाव," भूषण म्हणाला. तिने पदराच्या आतून हात हलवला. पडद्यावर एक लांबट ठिपका हलला आणि विरला. कूलरच्या वाऱ्याने पदराचं टोक उडालं तेव्हा मात्र कॅमेऱ्याने ते टोक हात म्हणून धरलं, आणि पडद्यावर एक वाकडी आकृती क्षणभर नाचून गेली. शेजारच्या अक्का दारात उभं राहून बघत होत्या, त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. "पदर खेळी राहिना व तुना!"

भूषणने खूप खटपट केली. दिवा लावला, खिडकी झाकली. मग संकोचून म्हणाला, "काकू, याले मान आनी खांदा दिसाले पाहिजेत. साडीमा पाय बी दिसत नही त्याले. पदर तेवढा..." आणि बापाच्या पाठीकडे बघायला लागला.

माय पट्टीकडे बघत होती. पट्टी अजून मान वर-खाली करत होती.

"ह्यालेबी मी दिसत नही का व?" ती मला म्हणाली.

तो 'बी' मला आजही ऐकू येतो.

मग मी बोलले. भूषण परत जायच्या आत, सगळ्यांसमोर, पत्रकासारखं मुद्देसूद. पदर हवा की हात हवा, दोन्हीतलं एक ठरवा, असं म्हणाले. जी रीत बाईला बरं होऊ देत नाही ती रीत नाही, शिक्षा आहे, असं म्हणाले. हे सगळं मी नानांच्या पाठीला उद्देशून म्हणाले. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. "चूप राह्य," माय म्हणाली. "तू चूप राह्य. माले नको हात." आणि आत गेली. नाना वळले नाहीत. त्यांनी फक्त कूलरचं बटण कमी केलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला नाना खाटेवरून उठले. टोपी, उपरणं. माझ्याकडे बघून म्हणाले, "घरमा लई गरम व्हई राहिनं. मी भायेर बसस." आणि कूलरसमोरची जागा सोडून ते त्या उन्हात गेले, आणि जाताना दार ओढून घेतलं.

मला आधी कळलंच नाही. मायला कळलं. ती आतून आली, बंद दाराकडे बघत उभी राहिली. मग तिने डाव्या हाताने पदर खाली घेतला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "खोची दे."

त्या उन्हाळ्याच्या दुपारी माझ्या अंगात बसल्या आहेत. कूलर बंद करायचो, कारण त्याच्या वाऱ्याने कॅमेरा फसायचा. दार-खिडकी बंद, कारण उजेडाची तिरीप आली की तो आंधळा व्हायचा. साडीचा काष्टा मारून तिचे पाय मोकळे केले होते. त्या कोंडलेल्या खोलीत घामाचा, जुन्या कागदाचा आणि बिबड्यांचा वास. पट्टी घुं करून मान उचलायची, आणि माय आपोआप थोडी ताठ उभी राहायची, जशी बाई फोटोसाठी राहते. पडद्यावर ती उमटायची. डोकं, मान, खांदे, दोन हात. सूचना इंग्रजीत यायच्या, मी वाचून सांगायचे.

"तो सांगस, हात वर कर."

"आनी माले आखो काय करानं शे मंग?"

फुगे उतरायचे. ते फटकन मारून फोडायचे असतात. माय फोडायची नाही. ती हात सावकाश न्यायची, तीन बोटं जुळवायची आणि फुगा खुडायची, बोंडातून कापूस काढतात तसा, खालून उचलून. कॅमेऱ्याला हे कळायचं नाही. त्याला फटका हवा असायचा. निम्मे फुगे तिच्या बोटांतून निसटून खाली जायचे आणि गुण कधीच चढायचे नाहीत.

"फोड ना माय!"

"कशाले फोडू? चांगला शे तो."

"खेळ आहे तो. फोडायचेच असतात."

"तू फोड तुना. माले वेचू दे."

पण वेचायलाही हात वर न्यावा लागतो. फुगे उंचावरून यायचे, आणि ती त्यांच्यासाठी हात उचलायची. हनुवटीपर्यंत. दुखायचं, ती ओठ चावायची. मग गालापर्यंत. आंब्याच्या दिवसांत कानाच्या पाळीपर्यंत. एका दुपारी हात कानाशी असताना तिने बोटाने कानातली कुडी चाचपून बघितली आणि तिथेच थांबली, फुगे जात राहिले.

बाहेर नाना होते. बंद दाराच्या फटीतून त्यांचं उपरणं दिसायचं. त्या निंबाला या दिवसांत सावली म्हणावी अशी नसते, आणि झळ तर सगळीकडून येते. आत हसण्याचा आवाज झाला की ते खोकायचे. आम्हाला ऐकू जातं, एवढं कळवायला बहुधा.

आणि माझी अडचण इथूनच सुरू होते. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, काय मोठ्या मनाचा माणूस! तो आहेच. सत्तरी ओलांडलेला माणूस कोणाला न सांगता महिनाभर उन्हात बसला. पण मला विचारायचं असतं की त्यांना बाहेर का जावं लागलं? ते बसले असते, आणि ती उघड्या डोक्याने खेळली असती, तर कोणाचं काय गेलं असतं? रीत मोडली नाही. रीत फक्त दाराबाहेर जाऊन बसली, तीही उन्हात, मान खाली घालून. तिला शिव्या तरी कशा द्यायच्या? आबांच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर कोणाचं तरी नाव असायचं. तहसीलदार, अभियंता, चेअरमन. मी कितीदा कागद घेऊन बसले, वर कोणाचं नाव लिहावं ते सुचलं नाही. ज्याने हात बांधला आणि ज्याने सोडवला, तो एकच माणूस होता, आणि तो तहानलेला होता. दार उघडलं की मीच त्याला माठातलं पाणी नेऊन द्यायचे.

मृगाच्या अलीकडे आमच्याकडे वादळं होतात. पाऊस कमी, धूळ जास्त. केळीच्या बागा झोपवतात ती. त्या दुपारी माय खेळत होती. हात कानाच्या वर, भुवईच्या रेषेत आला होता, मी कौतुकाने ओरडत होते. बाहेर एकदम अंधारलं, पत्रे वाजायला लागले, आणि दार धाडकन उघडलं. नाना आत आले. डोळ्यांत धूळ, उपरणं उडून गेलेलं, आंधळ्यासारखे हात पुढे. ते काही बघायला आले नव्हते. माणूस वादळातून आत येतो, तसे आले होते.

माय उघड्या डोक्याने, काष्टा मारून, खोलीच्या मध्ये उभी.

नाना तिथल्या तिथे फिरले आणि परत बाहेर, त्या धुळीत गेले. हे एका क्षणात झालं. आणि त्याच क्षणात मायने पदर ओढला.

उजव्या हाताने.

हात कमरेपासून निघाला, खोचलेला पदर घेऊन वर गेला, खांद्यावरून, कानावरून, भुवईवरून, थेट टाळूपर्यंत. कुठेही न अडखळता. मी टीव्हीच्या बाजूला होते. मी तिला पाहिलं आणि पडद्यावरच्या आकृतीलाही पाहिलं. तिचाही हात डोक्याला टेकला. आणि पदर डोक्यावरून खाली आला तशी ती आकृती पुसली गेली. कॅमेऱ्याने तिला परत हरवलं. पट्टी घुं करून मान हलवायला लागली, शोधायला लागली. मग वीज कडाडली, टीव्ही विझला, आणि पट्टीतून जळक्या रबरासारखा वास आला.

"माय, हात!" मी ओरडले. "हात गेला वर!"

तिला माहीतच नव्हतं. ती पदर धरून आत निघाली होती. "कसाना हात? नाना भायेर शेतस, दार उघड पहिले."

मी तीन वर्षं या एका क्षणाभोवती फिरते आहे. महिनाभर फुग्यांसाठी जो हात कानाशी अडकत होता, तो झाकण्यासाठी टाळूपर्यंत गेला. माझ्या बाजूने मला यातून काहीही सिद्ध करता येत नाही. हात नंतर परत तितका वर गेला नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, एकदा गेला म्हणजे जाऊ शकतो, सोडू नका, रोज समोर उभं करा.

कशाच्या समोर?

भूषणने पट्टी उघडली. आतलं जळालं होतं. धुळ्यात त्याने सगळीकडे विचारलं, मी जळगावात. एका दुकानात तरुण मालक माझ्या हातातली पट्टी बघून हसला. "हे? हे तर बनायचं बंद झालं मॅडम. आता कोणी उभं राहून खेळतं का? सोफ्यावर बसून खेळतात." त्याने मला नवं यंत्र दाखवलं, दोन अंगठ्यांनी चालणारं. मी कंपनीला इंग्रजीत लिहिलं. उत्तर ताबडतोब आलं, आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे असं. त्यानंतर काही आलं नाही. दोनदा जुनी पट्टी मागवली. एकीची पिन वेगळी निघाली, दुसरी वाटेतच फुटून आली. त्या दवाखान्यातली पट्टीही पुढे बंद पडली, तिथे आता एक खुर्ची ठेवली आहे.

कोणाचा अपराध म्हणावा? खेळणं होतं, खेळून झालं, बंद केलं. मायसारखी एक बाई त्यावर आपला हात टांगून उभी आहे, हे त्यांना कसं कळणार, आणि कळलं असतं तरी काय झालं असतं? पत्रकाला हा माथा पुरत नाही.

दारावर दोरी-कप्पी बांधली आहे. मी आठवण केली की माय ओढते. पाच-सात वेळा, मग हात खाली. "कंटाळा आला का?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दोरी काय, ओढी तं येस. तो माले शोधे."

तो मला शोधायचा. मान वर-खाली करून.

कालची गोष्ट. चार वाजून गेले होते, नाना बाहेर गेले होते. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन निंबाखाली गेले आणि इतक्या दिवसांनी विचारलं, "नाना, ते यंत्र तर केव्हाच बंद पडलं. आते कशाले भायेर बसतस?"

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "ती आजून उभी राहस ना," म्हणाले.

मला माहीत नव्हतं, या वेळी मी आत स्वयंपाकघरात असते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. माय धान्याच्या कोठीला पाठ लावून, नेमक्या त्याच जागी उभी होती. पदर कमरेत. समोर विझलेला टीव्ही, त्याच्या काळ्या काचेत तिची पुसट छाया. पत्रकांच्या गठ्ठ्यावर ती मेलेली पट्टी तशीच होती. मायने हात उचलला. कानापर्यंत आला. तिने तीन बोटं जुळवली, हवेतलं काहीतरी खुडलं, आणि हात खाली घेतला. मग पुन्हा.

"नाना," मी हळू आवाजात म्हणाले, "बाहेर गेलात त्या पहिल्या दुपारी तुम्ही आतच बसला असता, आणि 'राहू दे तो पदर' म्हणाला असता, तर?"

नानांनी रस्त्याकडे बघितलं. झळांमध्ये रस्ता पाण्यासारखा हलत होता.

"मी म्हनतू, तं ती आखो लाजती," ते म्हणाले. आखो म्हणजे आणखीच. मग म्हणाले, "म्हनी दखाले पाहिजे व्हतं का?"

म्हणून बघायला हवं होतं का, हे त्यांनी मलाच विचारलं. खरंच विचारलं. आणि जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला गुलाबी कागदावर उत्तर असतं, तिने, म्हणजे मी, फक्त रिकामा तांब्या उचलला. नानांना आता कमी दिसतं. मायचे केस पिकले. आत जाऊन त्यांनी आज ते म्हटलं तरी समोर ती पट्टी नाही, आणि पट्टी मिळाली तरी ते म्हणतील की नाही, मला सांगता येत नाही.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "ये व माय, जरा लेय." मी गेले, कमरेतला पदर सोडवला आणि तिच्या डोक्यावर ओढला. मग नानांसाठी दार उघडलं.

ज्या पट्ट्या आम्हाला सापडत नाहीत त्या कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. तुमच्या माळ्यावर आहेत, कपाटावर आहेत, पोरं मोठी झालेल्या घरांतल्या जुन्या खोक्यांत, वायरी गुंडाळून ठेवलेल्या आहेत. आबा म्हणायचे, मागणी शेवटी आणि एका ओळीत. म्हणून हा राग घरी न ठेवता तुमच्याकडे देते आहे, त्याच्या माथ्यावर तुमचंच नाव आहे असं समजा: ती काळी पट्टी भंगारात देऊ नका, धूळ पुसून चालू करा, तुमच्या घरात किंवा शेजारात जिचा हात वर जात नाही तिला तिच्यासमोर उभं करा, आणि कृपा करून उठून बाहेर जाऊ नका, तिथेच बसा.